दत्ताची कुत्री, गल्लीतली कुत्री

दसऱ्याला ग्वाल्हेरच्या गोरखीतल्या शिंद्यांच्या देवघरात पूजा होते, महाराज बाडा गजबजतो, आणि त्या गर्दीच्या पायांतून भटकी कुत्री निवांत वाट काढतात. आपली तऱ्हाच न्यारी. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना हळदकुंकू; दारातल्याला मात्र हाड्! शिळी पोळी टाकणाऱ्या आज्या कमी झाल्या, पट्टा धरून लॅब्राडॉर फिरवणारी नातवंडं वाढली. गल्लीतलं कुत्रं मधल्यामध्ये कुणाचंच उरलं नाही. मांजर आडवी गेली की स्कूटर थांबवणारे आहेतच.

उलट तुर्कस्तानात मांजरांचे लाड जगजाहीर. पण त्याच देशातल्या इस्तंबूलने १९१० मध्ये हजारो कुत्री ओसाड बेटावर सोडून उपाशी मारली, आणि जुलै २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली कुत्री उचलायला सांगितलं. २२ तारखेला आदेश सौम्य झाला. नसबंदी, लस, मग पिसाळलेली वा चावरी सोडून बाकीची पुन्हा जागच्या जागी. मला हा दुसरा आदेश पटतो, खर्चिक असला तरी.

रेबीजची भीती मात्र खरी आहे. कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या. मिरची भरायला सांगणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.