रातपाळीचं पाणी, जपानी गाणी

जपानी गाण्यांवर मी लेख लिहावा, हे आमच्या घरात अजून कोणाला खरं वाटत नाही. माझ्या पिढीचं या विषयातलं ज्ञान 1966 सालच्या ‘लव्ह इन टोकियो’पाशी सुरू होतं आणि त्यातल्या लताबाईंच्या ‘सायोनारा’पाशी संपतं. तेही गाणं शंकर-जयकिशनचं. जपानी म्हणाल तर तेवढा एक शब्द. त्यातून रॉक बँड म्हटलं की आमच्या सौभाग्यवतींना गल्लीतल्या गणेशोत्सवाचे कर्णे आठवतात आणि त्या खिडक्या लावू लागतात. तेव्हा वाचकहो, या लेखातली विद्या माझी नाही. ती मंठ्याच्या माझ्या पुतण्याची आहे.

गेल्या दिवाळीत जालन्याहून एस.टी.ने मंठ्याला दादांकडे गेलो. पाडव्याच्या संध्याकाळी दादांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं. “पोरगं जपानला जायचं म्हणतंय,” ते म्हणाले. “तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायची नोकरी. म्हातारी माणसं घरात काय थोडी आहेत? तू पुण्यात राहतोस, चार अक्षरं लिहितोस. तुझं ऐकेल. जरा समजाव त्याला.”

पोरगं एकुलतं एक. भारत आणि जपान यांच्यात 2021 साली करार झाला आहे. भाषेची आणि कामाची परीक्षा उतरलं की अशा नोकरीची वाट मोकळी होते. त्याची भाषेची परीक्षा डिसेंबरात होती. दादांना मी ‘बघतो’ म्हटलं. मोठ्या भावाला दुसरं काय म्हणणार?

हरभऱ्यासाठी रान भिजवायचं होतं आणि लाईटची पाळी रात्रीची. बाराला लाईट येणार म्हणून आम्ही दोघे दहालाच शेतात जाऊन बसलो. मी मनातल्या मनात उपदेशाची जुळवाजुळव करत होतो. एवढ्यात त्यानं फोन बांधावर ठेवला आणि म्हणाला, “काका, आधी आजोबा ऐका, मग नातवंडं.”

आजोबा म्हणजे साकामोतो क्यू. एल्व्हिसच्या थाटाची गाणी गात हा पोरगा पुढे आला. 1961 साली त्यानं ‘उए ओ मुइते आरुको’ गायलं. शब्द एइ रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची. 1963 साली हे जपानी गाणं अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे बसलं होतं. तिकडच्यांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याला ‘सुकियाकी’ म्हटलं. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. एखाद्या विराणीला ‘मटण रस्सा’ म्हणावं तसंच की हे! गाण्याचा आशय एवढाच, की डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून माणूस वर बघत चालला आहे. मध्ये एके ठिकाणी शब्द थांबतात आणि तो नुसती शीळ घालतो. ती शीळ ऐकताना माझा उपदेश पहिल्यांदा विस्कटला. हा गायक 1985 सालच्या विमान अपघातात गेला.

मग रॉक. 1966 साली बीटल्स टोकियोत गाऊन गेले आणि तिथली तरुण पोरं गिटारी घेऊन उभी राहिली. पण 1970 च्या सुमारास तिथं मोठा वाद पेटला, की रॉक जपानी भाषेत गाता येतं का? उचिदा युया यांच्यासारखे म्हणत, इंग्रजीतच गावं, म्हणजे जगाला कळेल. इंग्रजीत एका अक्षरावर जोर द्यायचा आणि उरलेली गिळायची. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखं वजन, जपमाळेच्या मण्यांसारखं. ते त्या ठेक्यात बसावं कसं? मला हे ऐकून हसू आलं. मराठीत गझल होणं नाही, असं ठामपणे सांगणारी मंडळी आपण पाहिली आहेत. माधव जूलियनांनी ती आणली, सुरेश भटांनी ती घरोघर नेली, आणि ती मंडळी मग दुसरा विषय शोधायला गेली.

जपानात हे काम ‘हॅपी एंड’ या चौघांच्या बँडनं केलं. 1971 सालच्या ‘काझेमाची रोमान’ या तबकडीवरलं ‘काझे ओ आत्सुमेते’ ऐकाच. त्याचे शब्द बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या मात्सुमोतो ताकाशीचे. ठेका ज्याच्या हातात, त्यानंच शब्द लिहिल्यावर ते बसणार नाहीत तर काय? होसोनो हारुओमी शेजारच्या खोलीतून बोलावं इतक्या हळू आवाजात गातो. काझेमाची म्हणजे वाऱ्याचं गाव. 1964 च्या ऑलिंपिकसाठी टोकियो पाडून नवं बांधलं, त्याच्या आधीचं मात्सुमोतोच्या लहानपणचं टोकियो ते. अंधारात मलाही माझं जुनं मंठा दिसू लागलं. मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलं. तेव्हा मला समजवायला कोणी काका आला नव्हता, ही गोष्टही मला त्याच बांधावर आठवली.

“तुला अर्थ कळतो का रे सगळा?” मी विचारलं.

“अर्धा. पण काका, त्यांचं वाक्य आपल्यासारखंच असतं. क्रियापद शेवटी. आपण ‘घरात’ म्हणतो तसं तेही ‘घर’ला मागून शेपूट लावतात. इंग्रजीपेक्षा सोपं जातं.”

यानंतर त्यानं धडाधड लावली. ‘ब्लू हार्ट्स’चं 1987 सालचं ‘लिंडा लिंडा’ हे गटारातल्या उंदराच्या सौंदर्याचं गुणगान आहे. तीनच मिनिटांत ते तुम्हाला उठून उड्या मारायला लावतं. मला गुडघ्यांनी वाचवलं. त्याचा गायक कोमोतो हिरोतो ओकायामाचा. पुण्याच्या वाचकांनी लक्षात ठेवावं, सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग याच ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केली आहे. तिथल्या पुलावर उभे राहून आपण फोटो काढतो, तेव्हा हा आरडाओरडाही त्याच गावचा आहे याची कल्पना नसते. ‘एक्स जपान’चं 1989 सालचं ‘कुरेनाइ’ मात्र बेतानं घ्यावं. आरंभ इतका हळुवार, की आपण फसतो. त्यांचा योशिकी पियानोही वाजवतो आणि ड्रमही; ड्रम बडवून बडवून मानेवर शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या आहेत त्याला. मला ते फार झालं. ‘एशियन कुंग-फू जनरेशन’चं ‘हारुका कानाता’ पुतण्याच्या वयाच्या सगळ्यांना पाठ आहे, कारण ते ‘नारुतो’ या चित्रमालिकेच्या आरंभी लागत असे. नावाचा अर्थ दूर, पलीकडे. याच्यावर मी काही बोललो नाही.

शेवटी त्यानं ‘रॅडविम्प्स’ या बँडचं 2016 सालचं ‘झेनझेनझेन्से’ लावलं. म्हणजे मागच्या मागच्या मागच्या जन्मापासून. आपल्या बायका वडाला पुढचे सात जन्म मागतात, हा गडी मागचे मोजतो. गाणं शिनकाई माकोतो यांच्या ‘किमी नो ना वा’ या चित्रपटातलं. डोंगरातल्या गावात एक मुलगी आहे, गावाला कंटाळलेली. पुढच्या जन्मी टोकियोचा मुलगा कर, म्हणून ती ओरडून मागणं मागते. तिचं गाव एका तळ्याकाठी आहे, आणि ते तळं फार पूर्वी आकाशातून दगड पडून झालेलं आहे.

“म्हणजे आपलं लोणारच की!” मी म्हणालो. लोणारचं ते उल्केनं पाडलेलं सरोवर मंठ्याहून फार लांब नाही. लहानपणी दादांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथं नेलं होतं.

“म्हणून तर पहिल्यांदा बघितला तेव्हा मला झोप लागली नाही,” तो म्हणाला. “तिच्या गावावर धूमकेतूचा तुकडा पडतो. सोडून जायचं होतं ते गाव राहतच नाही. मला आपलं गाव नको झालंय असं नाही काका. आप्पांना तसं वाटतं.”

तेवढ्यात लाईट आली. तो स्टार्टरकडे पळाला. पाणी पाटात उतरलं, आणि आम्ही पहाटेपर्यंत आळीपाळीनं दारं धरली. माझ्या हातात फावडं बऱ्याच वर्षांनी आलं होतं.

सकाळी दादांनी चहा पुढे करत विचारलं, “काय, बोललास का?”

“बोललो,” मी म्हणालो.

“काय म्हणतो?”

“अभ्यास चांगला झालाय म्हणतो.”

दादांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बघत राहिले.

डिसेंबरची परीक्षा तो उतरला. उन्हाळ्यानंतर गेला. आता रातपाळीचं पाणी दादाच धरतात. गडी मिळत नाही. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. “ती पोराची गाणी तुझ्याकडे आहेत का? त्यातलं एक मला पाठव. एकट्याला बसवत नाही रात्री.”

“कोणतं पाठवू?”

“नावं मला काय ठाऊक! तो मध्येच शीळ घालतो बघ, ते.”

ते मी त्याच रात्री पाठवलं. त्याचा अर्थ त्यांना सांगितलेला नाही.