हिरव्या दिव्याखाली अंधार

मध्यमवर्गीय माणसाला सढळ हाताने वाटता येतील अशा जगात दोनच गोष्टी आहेत. एक सल्ला आणि दुसरं मत. दोन्ही देताना खिशात हात घालावा लागत नाही, पावती फाडावी लागत नाही, आणि दिलेलं चुकलं तर कोणी वसुलीला दारात येत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या चकल्यांना अशीच भरघोस मतं पडली होती. ज्याने म्हणून चकली तोंडात टाकली त्याने "काकू, तुम्ही धंदाच काढा! पहिलं गिऱ्हाईक आम्ही!" असं सांगितलं. पुढच्या दिवाळीत काकूंनी खरोखरच धंदा काढला. भाजणी दळून आली, पिशव्यांवर नाव छापून झालं. मग पहिलं गिऱ्हाईक जे आलं ते "नमुन्याला दोन द्या ना" म्हणत आलं आणि नमुना खाऊन "जोरात चालणार बघा" असं पुन्हा एकदा मत देऊन गेलं. चकल्यांना पाठिंबा एकमुखी होता. फक्त ती सगळी मुखं फुकट खाणारी होती.

मत आणि मागणी यांतला हा फरक काकूंना एका दिवाळीत कळला. अमेरिकेतल्या एका फार मोठ्या दुकानाला तो कळायला जवळजवळ पाच वर्षं लागली, आणि आजचं माझं भांडण त्या दुकानाशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही बी. कॉम., बँकेतले कारकून, तुमचं अमेरिकेतल्या दुकानाशी कसलं भांडण? तर त्याचं असं आहे. माझा भाचा कॉम्प्युटरवर गेम खेळतो. त्याच्या खेळण्याशी माझा संबंध एवढाच की विजेचं बिल मेहुणे भरतात आणि त्याबद्दल बोलणी मात्र मी ऐकतो. त्याच्याकडून मला 'स्टीम' नावाच्या दुकानाची माहिती झाली. व्हॉल्व्ह या कंपनीने २००३ साली ते काढलं. दुकानाला शटर नाही, काउंटर नाही, 'उधार बंद आहे' ही पाटी नाही. पैसे भरायचे आणि गेम थेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. मोठ्या कंपन्यांचे गेम तिथे असतातच. पण एकटा-दुकटा माणूस घरात बसून, नोकरी सांभाळून जे गेम बनवतो, ज्यांना 'इंडी' म्हणतात, त्यांनाही या दुकानात फळी मिळाली तर नशीब उघडतं. नाही मिळाली तर गेम घरच्या घरी. काकूंच्या चकल्यांसारखा.

सुरुवातीला कोणाला फळी द्यायची हे दुकानातली मोजकी माणसं ठरवत असत. अर्ज वाढले, माणसं पुरेनात. अशा वेळी आमच्या बँकेत काय करतात? साहेब म्हणतात, "थोडं उशिरापर्यंत बसा." या दुकानाने निराळी युक्ती काढली. ३० ऑगस्ट २०१२ रोजी त्यांनी 'ग्रीनलाइट' म्हणजे हिरवा दिवा नावाची योजना सुरू केली. गेम बनवणाऱ्याने आपल्या गेमची चित्रं आणि एक छोटी फिल्म मांडायची आणि गिऱ्हाइकांनी मत द्यायचं. प्रश्न साधा होता: हा गेम स्टीमवर आला तर तुम्ही विकत घ्याल का? उत्तरं तीन. हो, नको, नंतर विचारा.

या तीन उत्तरांपैकी 'नंतर विचारा' हेच तेवढं प्रामाणिक आहे असं माझं वीस वर्षांच्या नोकरीनंतरचं मत आहे.

कर्जाच्या अर्जात आम्हीही विचारतो, फेड कराल का? आजवर एकाही अर्जदाराने 'नको' किंवा 'नंतर विचारा' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. सगळे 'हो'च म्हणतात. म्हणून तर आम्ही तारण मागतो, जामीनदार मागतो. मित्रासाठी जीव द्यायला निघालेला माणूस जामीनदार म्हणून सही करायची वेळ आली की चष्मा घरी विसरतो. पेन हातात आलं की माणसाचं खरं मत कळतं. ग्रीनलाइटमध्ये हे पेन कधी हातात आलंच नाही. 'हो' म्हणणाऱ्याकडून एक पैसाही घेतला जात नव्हता, आणि पुढे गेम आल्यावर 'काय हो, तुम्ही घेणार होतात ना?' असं विचारायला कोणी येणारही नव्हतं.

बरं, मत द्यायचं कशावर? गेमवर नाही, गेमच्या फिल्मवर. गेम पुष्कळदा अर्धाच झालेला असायचा. स्टुडिओत जाऊन खास काढलेला फोटो बघून स्थळाला होकार देण्यासारखं हे झालं. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीवाडीचा गेम एका माणसाने एकट्याने बनवला. त्याने तो २०१२ साली कौलाला लावला आणि विकायला आला तो २०१६ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात गडी राबत होता, केलेलं मोडून पुन्हा करत होता. म्हणजे २०१२ साली लोकांनी मतं दिली ती पेरणीच्या आधी, पिकाला. आमच्याकडे पिकाचा अंदाज द्यायला निदान पावसाची वाट बघतात.

आणि जिथे मतदान आलं तिथे प्रचार आलाच. जो माणूस चार वर्षं खोलीत बसून बिनचूक काम करू शकतो त्याला गल्लीत उभं राहून हात जोडता येतातच असं नाही. बहुधा येतच नाहीत. म्हणून तर तो खोलीत बसलेला असतो. त्याला या योजनेने उमेदवार केलं. ज्यांना ही कला साधली त्यांनी 'मत द्या, गेम फुकट न्या' असा सौदा मांडला. निवडणुकीच्या आदल्या रात्री भिंतीवरची घड्याळं वाटली जातात हे आपण ऐकून आहोत. इथे मताच्या बदल्यात खुद्द मालच वाटला जात होता. जो गेम तुम्ही विकत घ्याल का म्हणून मत मागायचं, तोच फुकट देऊन ते मत मिळवायचं! आमच्या ऑडिटरने असली नोंद पाहिली असती तर तो चहा न घेताच उठला असता.

पहिल्या आठवड्यात तर चेष्टेखोरांचीच गर्दी उसळली. खोटे गेम, दुसऱ्याचे गेम, नुसतेच विनोद. मग दुकानाने आठवडाभरातच शंभर डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे साडेपाच हजार रुपये, फी ठेवली. ती रक्कम 'चाइल्ड्स प्ले' या आजारी मुलांसाठी खेळणी पुरवणाऱ्या संस्थेला जायची, हे त्यांच्या बाजूला जमा धरलं पाहिजे. जमा ते जमा. पण किती मतं पडली की पास, हा आकडा काही त्यांनी जाहीर केला नाही. मतं लोकांनी द्यायची आणि वरच्या नावांतून उचलायचं दुकानाने. शेवटी ठरवायचं तुम्हीच, तर मग गावजेवण कशाला?

त्याचं उत्तर मला आमच्या सोसायटीत मिळालं. इमारतीला रंग कोणता द्यायचा यावर चोवीस बिऱ्हाडांनी रीतसर मतदान केलं आणि बहुमताने वांगी रंग आला. आज इमारतीकडे बघून रिक्षावालेही हळहळतात. पण आपण वांग्याला मत दिलं होतं असं कबूल करणारा एक इसम मला भेटलेला नाही. सेक्रेटरी मात्र निवांत आहेत. कोणी तक्रार केली की ते म्हणतात, "लोकांचा निर्णय आहे." मंडळी, मतदानाचा हा एक फार मोठा उपयोग आहे. ज्याचं काम निवड करण्याचं आहे त्याची जबाबदारी त्यात विरघळून जाते, साखरेसारखी. चहा तेवढा गोड होतो आणि साखर कोणी टाकली ते कळत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर भाचा म्हणेल मामाने एकाच बाजूचं खातं लिहिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉल्व्हने सांगितलं की ग्रीनलाइटमधून आलेल्या शंभराहून अधिक गेमनी प्रत्येकी दहा लाख डॉलरपेक्षा जास्त कमाई केली. आकडा मोठा आहे आणि मी आकड्यांपुढे उभा राहतो. पूर्वीच्या पद्धतीत दारावर ताटकळलेल्या पुष्कळ गुणी माणसांना या दिव्याने आत घेतलं, हेही खरं. त्यातलाच एक 'पेपर्स, प्लीज', २०१३ सालचा. हा गेम भाच्याने मला मुद्दाम दाखवला आणि जगात कारकुनाची कदर करणारा कोणीतरी आहे हे पाहून मला भरून आलं. यात तुम्ही सरहद्दीवरच्या एका खिडकीत बसलेले कारकून असता. माणसं येतात, तुम्ही कागद तपासता, तारीख बघता, फोटो जुळवता आणि शिक्का मारता. मंजूर किंवा नामंजूर. चूक झाली की दंड पगारातून वजा.

पण गंमत बघा. त्या खिडकीतल्या कारकुनाने मान बाहेर काढून मागच्या रांगेला "काय मंडळी, सोडू का याला आत?" असं विचारलं, तर तो गेम राहील का? रांग म्हणेल, सोडा, पण लवकर! त्या गेमचा सगळा जीव यात आहे की एका माणसाने एकाच्या कागदाकडे नीट बघायचं आणि शिक्क्याची जोखीम स्वतः घ्यायची. आणि असा हा गेम दुकानात आला तो रांगेला विचारून! शंभर चांगले गेम आत आले ते चांगले होते म्हणून गाजले. दाराने त्यांना आत सोडलं एवढंच दाराचं पुण्य. दार म्हणून ते ठीक. पण पारख म्हणून त्याचा सत्कार करू नका.

खुद्द मालकांनी २०१४ च्या जानेवारीतच आम्हाला ही योजना नाहीशी करायची आहे असं सांगून टाकलं होतं. तरी ती चालली ६ जून २०१७ पर्यंत. आठवडाभराने 'स्टीम डायरेक्ट' आलं. मतदान बंद; दर गेममागे शंभर डॉलर भरा, बँकेचे आणि कराचे कागद द्या, आत या. हजार डॉलरची विक्री झाली की शंभर परत. बँकवाला म्हणून सांगतो, मला ही पद्धत जास्त सभ्य वाटते. अनामत रक्कम निदान खोटं बोलत नाही. 'आम्ही पारख करत नाही' असं ती तोंडावर सांगते.

पण पारख न करण्याचं भाडं किती? दुकानाचा रिवाज शंभरातले तीस कापून घेण्याचा. शंभरातले तीस! एवढी दलाली आमच्या भाजी मार्केटात मागून बघा, आणि वर म्हणून बघा की भेंडी किडकी आहे की कोवळी ते गिऱ्हाइकांनीच ठरवावं. २०२३ साली या दुकानात चौदा हजारांहून जास्त नवे गेम आले. त्या ढिगाऱ्यात एकट्या माणसाचा गेम दिसणार कसा? म्हणून तो बिचारा पुन्हा दारोदार फिरतो. आता मत मागत नाही. 'माझा गेम इच्छायादीत टाका हो' म्हणतो, 'निदान दहा जणांनी अभिप्राय लिहा हो' म्हणतो, कारण दहा अभिप्राय झाल्याशिवाय त्याच्या नावापुढे शेराच उमटत नाही. म्हणजे हिरवा दिवा विझला, पण मतपेटी तशीच राहिली. इच्छायादी म्हणजे तरी काय? 'आला तर घ्याल का?' 'हो!' तोच प्रश्न, तेच फुकट उत्तर.

हा नुसता थट्टेचा विषय असता तर मी दोन पानं खर्ची घातली नसती. आपल्या पुण्यातल्या एका छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा गेम बनवायला घेतला. २०१७ साली किकस्टार्टरवर त्यांनी लोकांकडे आगाऊ वर्गणी मागितली. लोकांचा कौल पडला: पुरेसे पैसे जमले नाहीत. मग त्या मंडळीतल्या एकीने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. फ्लॅट! मराठी वाचकाला या शब्दाचं वजन समजावून सांगायला नको. २०२० साली गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याचं नामांकन झालं. गर्दी तीच, पण आधी विचारलं तेव्हा तिने हात आखडला. तिचा दोष नाही. जे अजून झालंच नाही ते बघणं हे गर्दीचं काम नव्हे. ते पारख्याचं काम आहे. पारख्या नसेल तर त्याच्या जागी कोणाला तरी फ्लॅट विकावा लागतो.

तेव्हा दुकानदारसाहेब, माझी मागणी साधी आहे. तीस टक्के घेता ना? मग त्यातल्या दोन टक्क्यांत चार जाणती माणसं नेमा. आलेला गेम त्यांना खेळू द्या, आवडला तर 'आवडला' आणि नाही तर 'का नाही' असं त्यांच्या हाताने लिहू द्या, आणि खाली सही करू द्या. चुकतील. अहो, आम्हीही चुकतो. पण आमच्या चुकीखाली आमची सही असते, दोन नोंदवह्या उघडल्या की माणूस सापडतो. लोकांना विचारायचंच असेल तर जरूर विचारा, माल समोर ठेवून आणि किंमत सांगून. तोवर शिक्का तुमच्याच हातात असू द्या. शाई लागते बोटांना, हे मला माहीत आहे. साबणाने निघते.