हीटर बसवू नका, पण थर्मोस्टॅटला कुणाला हात लावू देऊ नका



या आठवड्यात दोघांनी एकच प्रश्न विचारला. एक शहापूरचा, दुसरा टोकावड्याकडचा. दोघांनी नवीन डिझेल पिकअप काढलीय. "दादा, थंडीत पहाटे गाडी कुरकुरते, कूलंट हीटर बसवू का?" कॅनडातल्या ट्रकवाल्या सरदारजींचे व्हिडिओ बघून डोक्यात आलं, हेही दोघांनी कबूल केलं.

माझं मत सरळ आहे. बसवू नका.

हा हीटर म्हणजे आपल्या पाणी तापवायच्या रॉडचाच भाऊ. साधारण ५०० ते १००० वॅटची कॉइल इंजिनाच्या कूलंटमध्ये बसवतात आणि रात्रभर किंवा पहाटे दोन-तीन तास घरच्या प्लगला जोडून ठेवतात. जिथे पारा उणे ३० ला जातो तिथे इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, तिथे याच्याशिवाय भागत नाही. आपल्या देशात तशी थंडी लडाखला. तिथे तर डिझेलच गोठायचं, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याकडे म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत फार तर दहा-बारा अंश. घोंगडी माणसाला लागते, इंजिनाला कशाला? (आणि पहाटे लाईट असेल याची खात्री कोण देणार, ते वेगळंच.)

पहाटेच्या कुरकुरीला साधा उपाय आहे. चावी फिरवल्यावर पिवळा वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबा आणि मगच सेल्फ मारा. तो दिवा ग्लो प्लगचा. तरीही कुरकुरली तर बॅटरी तपासा.

आता मुख्य मुद्दा. इंजिन लवकर गरम करायची सोय कंपनीने आधीच दिलेली असते. तिचं नाव थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना हा व्हॉल्व्ह रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, कूलंट इंजिनातच फिरतं आणि झपाट्याने तापतं. साधारण ८०-८५ अंशांना तो उघडायला लागतो. आणि आपले गॅरेजवाले पहिली गोष्ट काय करतात? गाडी जरा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकतात. "आपल्या हवेत काय गरज याची?" म्हणे.

हेच मी जुन्या गाडीला करू दिलं. हिवाळाभर काटा वर चढायचाच नाही, मी खूश. डिझेल जास्त जात होतं, ते लोडवर ढकललं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि झीज जास्त होते, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मग मार्चमध्ये भाताची पोती भरून घोटीला निघालो आणि कसारा घाटात काटा एकदम लाल रेघेला. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढला की दोन्ही वाटा उघड्या राहतात, निम्मं पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच गरमागरम परत फिरतं. मोकळ्या रस्त्याला जाणवत नाही, भरल्या गाडीने घाट चढताना जाणवतं.

त्यात रेडिएटरमध्ये होतं बोअरचं पाणी. आपल्या बोअरचं पाणी तपेल्यात उकळून बघा, बुडाला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. वर मी शहाणा, गाडी थांबवली आणि लगेच झाकण उघडलं. झाकणाच्या दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही, दाब सुटला की सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. हात भाजला. मग त्या तापलेल्या इंजिनात थंड पाण्याच्या बाटल्या ओतल्या आणि हेडला तडा गेला. गाडी टो करून खाली आणली, पोती दुसऱ्या टेम्पोत भरली. त्या एका दिवसाने हंगामाचा नफा खाल्ला.

म्हणून हीटरचे पैसे चांगल्या कूलंटला लावा. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या, रंग बघून घेऊ नका, दोन प्रकारचे एकत्र ओतू नका. तयार कूलंटमध्ये पाणी घालायचं नसतं. घट्टवालं असेल तर बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी, सांगितल्या प्रमाणात. रेडिएटरच्या झाकणाचं रबर वाळलंय का तेही बघत जा. माळशेज चढणाऱ्यांनी तर आठवड्याला.

आणि पहाटे गाडी चालू करून चहा प्यायला बसू नका. उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापतं. अर्धा-एक मिनिट पुरे, मग काटा हलेपर्यंत हळू चालवा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसती उभी ठेवून किंवा शेत ते नाका एवढीच फिरवून तो तुंबतो, मग अधूनमधून लांब फेरी मारावीच लागते.

एक राहिलंच. कूलंट बदलताना जुनं घमेल्यात काढून अंगणात ठेवू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्रं, शेळी, कोंबडी चाटायला येते, थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंड निकामी होतं. कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये देऊन या. विहिरीच्या पाटात तर चुकूनही ओतू नका.