संगतीचं गणित

'ताई, माणूस वाईट नाय माझा, संगत वाईट!' घाटकोपरच्या वस्तीत हे मी कितीदा ऐकलं. मला ती पळवाट वाटायची. पण अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या बारा हजार माणसांच्या १९७१ ते २००३ पर्यंतच्या नोंदींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जवळचं माणूस अति पिणारं असेल, तर आपणही तसं पिण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली. मित्राच्या मित्राचाही परिणाम दिसला. आणि हो, न पिणंही असंच पसरतं! मग नवरा उपचार घेऊन पुन्हा त्याच कट्ट्यावर बसला, तर काय उपयोग? मैत्रिणींनो, दवाखान्याबरोबर त्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेचीही वाट दाखवा. दारू सोडलेल्यांची संगत तिथे मिळते.