पुतळा नंतर, भाकरी आधी

रॉबर्ट एमेटने आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी २३ जुलै १८०३ रोजी डब्लिनमध्ये उठाव केला. तो एका रात्रीत फसला आणि पंचविशीतला एमेट २० सप्टेंबरला फासावर गेला. देश स्वतंत्र होईपर्यंत माझ्या थडग्यावर काही कोरू नका, असं त्यानं कोर्टात ठणकावलं होतं.

पण मैत्रिणींनो, मला आठवते ती त्याचं घर सांभाळणारी अ‍ॅन डेव्हलिन. शिपायांनी तिला संगिनी टोचल्या, गळ्याला फास लावून अर्धमेलं केलं, ५०० पौंडांचं आमिष दाखवलं. तिनं तोंड उघडलं नाही. १८०६ पर्यंत ती तुरुंगात होती. घरच्यांनाही पकडलं, त्यात लहानग्या भावाचा बळी गेला. पुढं लोकांचे कपडे धुऊन तिनं पोट भरलं आणि १८५१ मध्ये दारिद्र्यातच डोळे मिटले.

आता राथफार्नममध्ये तिचा पुतळा आहे. बचत गटात हे सांगितलं, तर एक जण म्हणाली, "ते ठीक हो ताई, पण म्हातारपणी तिला दोन घास कुणी दिले?" मी गप्पच झाले. चळवळ कुठलीही असो, मागं राहून झिजणाऱ्या बाईची विचारपूस ती हयात असतानाच व्हायला हवी. पटतंय ना?