पाणवठ्याचं दार

मँचेस्टर शहरात हॅथरसेज रोडवर लाल आणि पिवळसर विटांची एक लांबलचक इमारत उभी आहे. रस्त्याच्या बाजूने तिला तीन दारं. एका दारावर कोरलेलं आहे, ‘पुरुष – प्रथम वर्ग’. दुसऱ्यावर, ‘पुरुष – द्वितीय वर्ग’. तिसऱ्यावर, ‘स्त्रिया’. ही आहे ‘व्हिक्टोरिया बाथ्स’. शहराच्या पालिकेने बांधलेलं हे सार्वजनिक स्नानगृह ७ सप्टेंबर १९०६ रोजी लोकांसाठी खुलं झालं. आत तीन तलाव होते, पहिल्या वर्गाच्या पुरुषांचा, दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांचा आणि बायकांचा. तलावांत पाणी सोडण्याचा क्रमही ठरलेला होता. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या तलावात जायचं, तिथे वापरून झालं की दुसऱ्या वर्गाच्या, आणि बायकांच्या वाट्याला ते सगळ्यांत शेवटी यायचं.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर परदेशातल्या एका स्नानगृहाची गोष्ट कशासाठी, असं वाचकांच्या मनात येईल. आपल्या दिवाळीची सुरुवातच स्नानाने होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबातलं कढत पाणी, तेलाचा हात, उटण्याचा वास, पायाखाली फुटलेलं कारीट, हे सगळं आपल्याला इतकं घरचं वाटतं, की त्यासाठी घरात न्हाणीघर असावं लागतं हे आपण विसरतो. ज्यांच्या घरात ते नव्हतं त्यांचं काय व्हायचं, त्यांचं पाणी कुठे होतं आणि त्या पाण्यापर्यंत त्यांना कोण जाऊ देत होतं, हे प्रश्न आम्हाला यंदाच्या अंकाची आखणी करताना सोडेनात. म्हणून या वर्षीचा विशेष विभाग पाणवठ्यांवर आहे. त्याची सुरुवात मँचेस्टरपासून करण्याचं कारण असं, की एका बंद पडलेल्या पाणवठ्याचं दार पुन्हा उघडण्याचं काम तिथल्या सामान्य नागरिकांनी ज्या चिकाटीने केलं आहे, ते आपण नीट पाहावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

मुळात असली स्नानगृहं उभी राहिली ती रोगराईच्या धाकाने. १८३२ मध्ये लिव्हरपूलमध्ये कॉलरा पसरला. तिथल्या गरीब वस्तीत किटी विल्किन्सन नावाची एक कष्टकरी बाई राहत होती. पाणी तापवायचा मोठा हंडा गल्लीत तिच्याकडे होता. तिने स्वयंपाकघर शेजाऱ्यांसाठी खुलं केलं आणि रोग्यांचे कपडे, अंथरुणं उकळून धुऊन घेण्याची सोय केली. दहा वर्षांनी, १८४२ मध्ये, त्याच शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुणीघर सुरू झालं. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून नगरपालिकांना अशी स्नानगृहं बांधण्याचा अधिकार दिला. लोकांसाठी हे काम पहिल्यांदा केलं ते एका बाईने, स्वतःच्या घराचं दार उघडून. सरकार मागून आलं.

मँचेस्टर तेव्हा कापडाचं शहर होतं. आपल्या गिरणगावाला जे धोटे आणि जो धूर ठाऊक होते, तेच तिथे आधी होते. गिरणी कामगारांच्या घरांत न्हाणीघर नसायचं. म्हणून व्हिक्टोरिया बाथ्समध्ये पोहण्याच्या तलावांखेरीज एकेकट्याने अंघोळ करण्याच्या टबांच्या खोल्या होत्या, कपडे धुण्याची सोय होती, तुर्की हमाम होता. अधीक्षकाचं कुटुंब त्याच इमारतीत राहत असे. शहराचे पहिले नगर वास्तुविशारद हेन्री प्राइस यांच्या देखरेखीखाली ही वास्तू उभी राहिली आणि तिच्यावर ५९,००० पौंडांहून जास्त खर्च झाला. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. भिंतींना हिरव्या झिलईच्या फरशा, जमिनीवर बारीक तुकड्यांची नक्षी, खिडक्यांना रंगीत काचा. हमामातल्या विसाव्याच्या खोलीत तर ‘पावित्र्याची देवदूत’ नावाची एक मोठी काचचित्राची खिडकी आहे. लोक या इमारतीला जलमहाल म्हणू लागले.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. अंग धुण्याच्या जागेला एवढी नक्षी कशाला, असा हिशोब कोणीही मांडला असता. तो त्या पालिकेने मांडला नाही. दिवसभर कापसाच्या धुळीत राबणाऱ्या माणसाला अंघोळीला येताना आपण महालात शिरतो आहोत असं वाटावं, हे पालिकेच्या पैशातून घडलं. सार्वजनिक म्हणजे ओबडधोबड, सार्वजनिक म्हणजे कसंतरी भागवलेलं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे, की सरकारी नळाच्या ओट्याला किंवा पालिकेच्या शौचालयाला सुंदर असण्याचा हक्क आहे हे म्हणायलाही आपण बिचकतो. त्या हिरव्या फरशा आम्हाला म्हणूनच मोलाच्या वाटतात. आणि त्याच पालिकेने दारांवर वर्ग कोरले, बायकांना उरलेलं पाणी दिलं, हेही तितकंच खरं आहे. एकाच भिंतीत औदार्य आणि अन्याय, दोन्ही चिणलेलं आहे.

पुढे काळ बदलत गेला. १९१४ मध्ये रविवारी सकाळी स्त्री-पुरुषांना एकत्र पोहण्याची मुभा मिळाली. हिवाळ्यात मोठ्या तलावावर लाकडी जमीन अंथरून नाचाचे कार्यक्रम होत, कितीतरी जणांची लग्नं तिथल्या ओळखीतून जमली असतील. १९११ मध्ये जन्मलेली सनी लोअरी याच तलावांत पोहली आणि १९३३ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. १९५२ मध्ये दुखऱ्या सांध्यांना आराम देणारा हवेच्या बुडबुड्यांचा एक टब इथे बसवला गेला. मग घराघरांत न्हाणीघरं आली, गर्दी ओसरली, दुरुस्तीचा खर्च वाढला. १९९३ मध्ये पालिकेने दार बंद केलं.

आजूबाजूच्या लोकांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या. दार उघडलं नाही. तेव्हा त्याच वर्षी त्यांनी या वास्तूच्या मित्रांची संस्था काढली आणि जपणुकीसाठी विश्वस्त मंडळ उभं केलं. सनी लोअरीने उतारवयात या मोहिमेला आपलं नाव दिलं. २००३ मध्ये बीबीसीने ‘रिस्टोरेशन’ नावाची मालिका केली. ढासळत्या ऐतिहासिक वास्तू प्रेक्षकांसमोर मांडायच्या आणि कोणती वाचवायची ते त्यांच्या मतांवर ठरवायचं, अशी तिची रचना. प्रेक्षकांनी व्हिक्टोरिया बाथ्सला निवडलं. त्यातून सुमारे ३४ लाख पौंड मिळाले.

बातमी तिथे संपते, गोष्ट संपत नाही. एवढ्या पैशात झाला तो दर्शनी भाग. छपरं, तलावांची दालनं, हमाम यांचं काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने, देणग्या आणि अनुदानं जमवत करावं लागलं. तलाव रोजच्या पोहण्यासाठी अजून सुरू झालेले नाहीत. हमाम पुन्हा पेटवायचा, हे तिथल्या मंडळींनी उराशी धरलेलं ध्येय आहे. आणि तरीही ही इमारत जिवंत आहे, कारण तिचं दार लोकांसाठी पुन्हा पुन्हा उघडलं जातं. सगळी दुरुस्ती होऊ दे, मग लोकांना बोलावू, असं त्या मंडळींनी म्हटलं नाही. छत गळत असतानाही त्यांनी खुले दिवस ठेवले.

उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथे ठरावीक रविवारी खुला दिवस असतो. स्वयंसेवक दाराशी उभे राहतात, चहा-केकचं टेबल मांडतात, लोकांना गटागटाने फिरवतात. कोरड्या तलावाच्या तळाशी उभं राहून वर काचेच्या छताकडे पाहता येतं. काठाने कपडे बदलायच्या छोट्या खोल्यांची ओळ आहे, तिच्या पडद्यांशी मुलं खेळतात. जुन्या वस्तूंचे बाजार, कलाकारांच्या जत्रा, बिअरचा महोत्सव, चित्रपटांची चित्रीकरणं, लग्नं, हे सगळं तिथे होतं आणि त्यातून दुरुस्तीला पैसा मिळतो. असल्या इमारतीत बिअर आणि लग्नं कशाला, म्हणून नाक मुरडणारे असतील. आम्हाला त्यात काही गैर दिसत नाही. ज्या तलावावर लाकडी जमीन टाकून शंभर वर्षांपूर्वी नाच होत, त्याच्या काठी आज वरात आली तर वास्तूचा मान कमी होत नाही. या भागाला लागूनच भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांच्या खानावळींनी गजबजलेली ‘करी माईल’ आहे. आज त्या दारांतून आत जाणाऱ्यांत अशाही घरांतली मुलं असतात, ज्यांच्या आजोबांनी बंदरावर उतरल्यावर पहिल्यांदा टबात अंघोळ केली ती अशाच एखाद्या सार्वजनिक स्नानगृहात.

इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरमध्ये ‘हेरिटेज ओपन डेज’ असतात. फ्रान्समध्ये १९८४ मध्ये संस्कृतिमंत्री जॅक लँग यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक वास्तूंची दारं एक दिवस खुली करण्यात आली. ती कल्पना युरोपभर पसरली आणि १९९४ पासून इंग्लंडमध्ये रुजली. एरवी बंद असणाऱ्या किंवा तिकीट लागणाऱ्या हजारो जागा त्या दिवसांत फुकट पाहता येतात, आणि हे बहुतेक सगळं स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं. अशाच नागरिकांच्या बळावर बर्मिंगहॅमच्या मोझली रोडवरचं १९०७ चं स्नानगृह टिकलं. पालिकेने अंग काढून घेतल्यावर तिथल्या रहिवाशांनी ते चालवायला घेतलं आणि तिथलं पोहणं सुरू ठेवलं. ग्लासगोतल्या गोव्हनहिलमध्ये २००१ साली स्नानगृह बंद होणार म्हणताच वस्तीतल्या लोकांनी इमारतीतच ठिय्या दिला होता.

आता आपल्याकडे पाहू. पाणवठ्यावरच्या दाराची गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने तो मान्य केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा ते उघडलं. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचा हक्क अस्पृश्यांच्या बाजूने दिला. दर वर्षी २० मार्चला त्या काठावर माणसं लोटतात. पाणवठ्यावरचा हा लोकांचा मोठा उत्सव आहे. वारशाच्या यादीत मात्र आपण किल्ले आधी लिहितो, मग देवळं, आणि चवदार तळं लिहायचं अनेकदा राहूनच जातं.

बारवांचंही तसंच. गावोगावच्या बारवा कित्येक दशकं कचराकुंड्या झाल्या होत्या. गेल्या काही वर्षांत तरुणांनी त्यांची नोंद करायला सुरुवात केली. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली. महाशिवरात्रीच्या रात्री ठिकठिकाणच्या बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या जातात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहायला लांबून लोक येतात. हे काम आम्हाला फार आशेचं वाटतं. पण ज्यांनी जीर्णोद्धार पाहिले आहेत त्यांना पुढचं चित्रही माहीत आहे. फीत कापली जाते, फोटो निघतात, पाहुणे परत जातात आणि आठ दिवसांत लोखंडी जाळीला कुलूप लागतं. सुरक्षिततेचं कारण खरं असतं, पण त्यावर कायमचं कुलूप हा उपाय होऊ शकत नाही. मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासारखी कामकाजाने गजबजलेली इमारत २०२१ पासून शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह दाखवली जाऊ शकते, तर गावची बारव महिन्यातून एक दिवस, काठावर चार माणसं उभी करून, नक्कीच उघडता येईल.

आणि ती उघडताना तिची सगळी गोष्ट सांगावी लागेल. मँचेस्टरच्या मंडळींनी दारांवरची अक्षरं घासून काढलेली नाहीत. प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग, स्त्रिया, सगळं जागच्या जागी आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला पाण्याचा तो क्रम सांगितला जातो. आपल्या बारवांवर अशी अक्षरं नाहीत, कारण कोणी कुठून पाणी भरायचं हे लिहून ठेवायची गरजच पडली नव्हती. ते म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. कोणत्या पायरीपुढे कोणाला जाता येत नव्हतं, कोणाच्या घागरीत वरून पाणी ओतलं जायचं, ते विचारून लिहून घ्यायला आता थोडीच वर्षं उरली आहेत. घडीव दगडाचं कौतुक करणाऱ्या फलकावर या आठवणींनाही जागा मिळायला हवी.

या अंकाच्या विशेष विभागात बारवा, कुंडं, चाळीतली मोरी आणि सार्वजनिक नळ यांच्यावरचे लेख आहेत. विभाग इथेच थांबवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. १९ नोव्हेंबरपासून जागतिक वारसा सप्ताह असतो. त्या आठवड्यात आपापल्या गावच्या किंवा वस्तीच्या जुन्या पाणवठ्यावर जा आणि आम्हाला पत्राने कळवा : पाणी आहे का, पायऱ्या शाबूत आहेत का, कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते, मागितली तर मिळते का, आणि गावातल्या कोणत्या आजीला किंवा आजोबांना तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं. आलेली पत्रं आम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने छापू.

– संपादक