भिंतीतली तार

घराला रंग देणारी माणसे दोन प्रकारची असतात. रंग वाळल्यावर निर्धास्तपणे भिंतीला पाठ टेकून बसणारी एक, आणि कोणी पाठ टेकली की ‘अहो, डाग पडेल!’ म्हणून ओरडणारी दुसरी. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढची हकीकत वाचताना वाचकांच्या मनात माझ्याविषयी गैरसमज राहणार नाही. राहिलाच तर तो समज असेल!

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही कोथरूडातले आमचे घर रंगवून घेतले. खोल्या तीनच, पण रंगाची छटा ठरवताना जी चर्चा झाली तेवढ्यात एखाद्या घटनासमितीने आपले निम्मे काम उरकले असते. अखेर एक छटा ठरली, भिंती सजल्या, पाहुण्यांनी वाखाणल्या, आणि त्या दिवसापासून भिंतींचा स्वयंघोषित रखवालदार म्हणून मी रुजू झालो.

आता आमच्या घराचा भूगोल सांगितला पाहिजे. इंटरनेटची काचेची तार बाहेरून दिवाणखान्यापर्यंत येते. तेथे टीव्हीशेजारी राउटर नावाची डबी आहे. त्या डबीपासून दोन हातांवर माझे टेबल. सौ.ची खोली मात्र स्वयंपाकघराच्या पलीकडे. २०२०च्या टाळेबंदीत तिच्या कचेरीचे काम घरात आले, आणि आठवड्यातले तीन दिवस ते अजूनही घरातच असते. हिशेबतपासणीचे काम, रुक्ष म्हणावे तर रुक्ष, पण घराचे हप्ते त्याच रुक्षतेवर फिटतात. ती डबी आणि सौ. यांच्यामध्ये दोन भिंती, काँक्रीटचा एक खांब आणि एक लोखंडी कपाट. हवेतून निघालेल्या लहरी एवढे सोपस्कार पार पाडून आतल्या खोलीत पोचेपर्यंत पार थकून जात. पडद्यावरची माणसे बोलता बोलता पुतळे होत.

“अहो, दिवाणखान्यातून एक तार आत घेऊ या ना,” सौ. म्हणाली.

“हवेतून येतंच आहे की!” मी म्हणालो. माझ्या टेबलापाशी ते खरोखरच उत्तम येत होते.

हा संवाद तीनदा झाला. तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांपुढे छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला झिरी मारणारा गवंडी उभा राहिला. चौथ्या वेळी मी शरण गेलो, पण अटीवर: भिंतीला हात लागणार नाही आणि काम मी स्वतः करीन. मराठीच्या प्राध्यापकाने हातात हातोडी घेणे ही घटना आमच्या घराण्यात पहिलीच.

दुकानदाराने विचारले, “कॅट फाइव्ह-ई, कॅट सिक्स, कॅट सिक्स-ए, कोणती देऊ? एटसुद्धा आहे.” मांजर सात घरी पिले फिरवते हे मला माहीत होते; आठवे घर आमचे असावे हे नव्हते. पुढे कळले की कॅट म्हणजे ‘कॅटेगरी’चे लाडके नाव. मी मधली, सिक्स, मागितली. तिच्यातही त्याने दोन वेटोळी पुढे टाकली. दिसायला सख्खी जुळी भावंडे, पण पंचवीस मीटरला पाचशे रुपयांचा फरक. मी व्यवहारचतुर माणसासारखा स्वस्त वेटोळे उचलले आणि रिक्षाभाडे सुटले म्हणून मनात खूशही झालो.

त्या रविवारी मी आणि आमची अकरावीतली कन्या, दोघांनी मिळून ती तार भिंतीच्या पायथ्याशी खिळ्यांच्या चिमट्यांनी ठोकत नेली. कोपऱ्यात ती काटकोनात घट्ट वळवली, दिसायला नीट दिसावी म्हणून. खोलीच्या दारापाशी ती चौकटीच्या फटीतून आत घातली. दार लावताना किंचित दाबावे लागे, इतकेच. संध्याकाळी आतल्या खोलीत चित्र लख्ख दिसू लागले. मी चहा मागितला. तो मिळाला, बरोबर बाकरवडीही मिळाली.

महिनाभर सगळे सुरळीत चालले. मग मार्च आला. सौ.च्या कचेरीत एका नव्या शाखेचे काम कोणाकडे द्यायचे याची बैठक होती. आठ दिवस रात्री जागून तिने आराखडा केला होता. अकरा वाजता ती खोलीत गेली आणि घरातले आवाज आत येऊ नयेत म्हणून तिने दार घट्ट लावून घेतले. मी बाहेर पेपर तपासत होतो.

पाऊण तासाने ती बाहेर आली. काही बोलली नाही. ओट्यापाशी उभी राहून पाणी प्यायली. मीच विचारले, “काय झालं?”

“तीनदा तुटलं,” ती म्हणाली. “त्यांनी प्रश्न विचारला आणि मी गप्प बसलेली दिसले. त्यांना वाटलं, मला उत्तर सुचत नाही.”

ते काम दुसऱ्याकडे गेले. तेवढ्या एका कारणानेच गेले असे मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. पण माणसाला उत्तर येत असावे आणि जगाने ‘येत नाही’ अशी नोंद करावी, यासारखे दुःख परीक्षकाचे काम करणाऱ्या मला तरी दुसरे ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनला बोलावले. पंचविशीचा पोरगा. त्याने तारेच्या दोन्ही टोकांना एकेक डबी लावली. तिच्यावर एकापासून आठपर्यंत दिवे ओळीने लागतात. ते लागलेही! मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिले. मग त्या पोराने शांतपणे उठून खोलीचे दार लावले. सातवा दिवा विझला.

“सर, दार तार चावतंय,” तो म्हणाला. मग त्याने टोक कापले, एक तार सुरीने खरवडली आणि माझ्यापुढे धरली. वरून तांबूस, आतून पांढरी. “हे तांबं नाही. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा आहे.”

तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात हे मी जन्मापासून पाहत आलो. कल्हईच तांब्याची असते हे प्रथमच पाहिले. ॲल्युमिनियम हे तांब्यापेक्षा वीज वाहायला कमी आणि मोडायला तत्पर. दारात रोज चेमटून ते आतल्या आत तडकले होते. दार उघडे असताना टोके टेकत, दार लावले की सुटत. म्हणजे महिनाभर उघड्या दाराने चाललेली तार नेमकी बंद दाराच्या बैठकीला तुटत होती! शिवाय, या तारांच्या मानकांनुसार वाहक निव्वळ तांब्याचाच असावा लागतो. मुलाम्याच्या तारेला ‘कॅट सिक्स’ हे नाव लावण्याचा अधिकारच नाही, वेष्टनावर काहीही छापलेले असो. याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल, तर ती तापते ते वेगळेच.

त्या पोराने मला जे शिकवले त्याचे सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. अनुभव माझा, फी मी भरली आहे.

तारेच्या पोटात आठ तारा असतात, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीला पीळ घातलेला असतो, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची. तिचे पेटंट त्याने १८८१ साली घेतले. पिळामुळे बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजाबाकी केली की तो नाहीसा होतो. म्हणून टोकाशी जोडणी करतानाही पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये. दोघांनी सारखे सोसले तर त्रास उरत नाही, हे गणित ऐकताना मी सौ.कडे पाहण्याचे टाळले. आमच्या घरातला सगळा गोंगाट एकाच तारेवर पडत होता, आणि दुसरी तार डबीपासून दोन हातांवर निवांत बसली होती.

निवड कशी करावी? कॅट फाइव्ह-ई तार शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग देते, आणि तो बहुतेक घरांना पुरतो. कॅट सिक्स थोडी महाग, पण पन्नासएक मीटरच्या आत ती दहा गिगाबिटपर्यंत जाऊ शकते. भिंतीत एकदा घातलेली तार वीस वर्षे काढायची नसेल, तर ती घ्यावी. कॅट एट ही मोठमोठ्या संगणककेंद्रांसाठी असते, तिची मजल तीस मीटरची. घरात ती आणणे म्हणजे बोळातून ट्रक नेणे. तार निव्वळ तांब्याची असल्याची खात्री खरवडून करावी आणि हातात तोलून पाहावी. मुलाम्याची हलकी लागते. भिंतीतल्या तारेत एकेक सबंध वाहक असावा, आणि यंत्राला जोडायची छोटी दोरी मात्र बारीक तंतूंची, कारण तिला रोज वाकायचे असते. तार विजेच्या तारांच्या नळीत कधीही घालू नये. शेजारून न्यायची तर मध्ये वीतभर अंतर ठेवावे, ओलांडायची तर काटकोनात ओलांडावी. वळण मात्र काटकोनात देऊ नये. तारेच्या जाडीच्या चौपट तरी त्रिज्येचा बाक हवा, म्हणजे साधारण इंचभर. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवावा. आणि नळीत एकीऐवजी दोन तारा ओढून ठेवाव्यात. दुसरीला फक्त तारेचे पैसे पडतात, मजुरी तीच.

या तारेच्या पद्धतीचे नाव ‘इथरनेट’. ते ऐकून माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारे एक अदृश्य तत्त्व विश्वात भरून राहिले आहे असे जुने शास्त्रज्ञ मानीत. त्याला ते ईथर म्हणत. आपल्या पंचमहाभूतांतल्या आकाशाचे हे पाश्चात्त्य भावंड. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांनी त्याचा शोध घेतला तेव्हा ते काही सापडले नाही, आणि पुढे शास्त्राने ते सोडून दिले. टाकून दिलेला तो शब्द २२ मे १९७३ रोजी पालो आल्टोच्या झेरॉक्स प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात उचलला आणि आपल्या संगणकांच्या जाळ्याला दिला. २०२२चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कामासाठी. म्हणजे सगळीकडे आपोआप भरून राहते असे ज्याविषयी वाटे ते नव्हतेच. खरी होती ती तार. ‘हवेतून येतंच आहे की’ म्हणणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते हवे?

आता भिंतीचे सांगतो. मी मनाची तयारी केली होती: झिरी, धुरळा, सिमेंटचे ठिगळ. तो पोरगा दिवाणखान्यातल्या जुन्या टेलिफोनच्या खोबणीपाशी बसला, तिचे झाकण काढले आणि आत स्प्रिंग सारली. ती सरसर पुढे गेली आणि सौ.च्या खोलीतल्या जुन्या टेलिफोनच्या जागी निघाली! घर बांधले तेव्हाच कोणीतरी भिंतीत नळी घालून ठेवली होती. तीन वेळा मी ज्या भिंतीच्या नावाने नाही म्हणालो, ती मुळी फोडायचीच नव्हती. झाकण उघडून पाहायचे होते, एवढेच. आतल्या खोलीतली खोबण मोठी करायला वीतभर गिलावा काढावा लागला. तासाभरात दोन तारा आत गेल्या, आठही दिवे लागले. पोराने दार लावून पाहिले. आठही दिवे लागलेलेच राहिले.

पाचशे रुपये वाचवले त्याला आता सात महिने झाले. नव्या शाखेचे काम पुन्हा वाटायला निघेल तेव्हा निघेल, सौ.ने आराखडा जपून ठेवला आहे. मी माझे टेबल आतल्या खोलीत हलवावे आणि तिने दिवाणखान्यातले घ्यावे, असे मी सुचवून पाहिले. “राहू दे, आता आत छान येतं,” ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचे दार बंद दिसले की मी मिक्सरसुद्धा लावू देत नाही.

आतल्या खोलीत त्या खोबणीभोवती वीतभर जागेचा रंग बाकीच्या भिंतीशी जुळत नाही. या दिवाळीत फराळाला येणारे कोणीतरी नक्की विचारील, ‘अहो, एवढ्या सुंदर भिंतीला हे काय झालं?’ रंग मिळतो, माणूसही मिळतो. पण ते ठिगळ मी तसेच ठेवणार आहे.